शंभर टक्के म्हणजे नक्की किती?

होस्टेलमध्ये बॅटरीबद्दल जेवढे सल्ले फुकट मिळतात, तेवढे बॅकलॉग कसा काढावा याबद्दलही मिळत नाहीत. "नवा लॅपटॉप आधी आठ तास चार्ज कर, मगच चालू कर." "पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावायचं नाही, मेमरी जाते." "रात्रभर लावून ठेवलास? झालं, ओव्हरचार्ज!" "कायम प्लग लावूनच वापर, म्हणजे बॅटरी नवीच्या नवी राहते." सांगणारा प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो, आणि बहुतेक वेळा त्याच्याच लॅपटॉपची बॅटरी पाऊण तासात मान टाकते.

मी इलेक्ट्रिकलच्या फायनल इयरला आहे. त्यामुळे विंगमध्ये कुणाचा पंखा घरघरला, बोर्डातून ठिणगी उडाली किंवा लॅपटॉप बंद पडला, की पहिली थाप माझ्या दारावर पडते. इलेक्ट्रिकलवाला म्हणजे वायरमन असा जो एक समज आहे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. पण त्यातल्या बॅटरीच्या प्रश्नाने मात्र मला वाचायला लावलं. कारण प्रश्न पैशांचा आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या लॅपटॉपचे पैसे घरून आलेत, काहींचे कर्ज काढून आलेत, आणि तो चार वर्षं टिकेल या हिशोबाने आलेत. तिसऱ्या वर्षी "बॅटरी बदलावी लागेल, काही हजार पाठवा" असा फोन घरी करणं कुणालाच आवडत नाही. शिवाय आमच्याकडे रात्री लाइट जाते ती नेमकी सबमिशनच्या आदल्या रात्री. तेव्हा बॅटरी अर्धा तास पुरते की तीन तास, यावर बरंच काही ठरतं.

तर आधी आपली बॅटरी किती उरलीय ते बघू. खाली कोपऱ्यात शंभर टक्के दिसतंय त्यावर जाऊ नका. ती टक्केवारी म्हणजे बॅटरीत आज जेवढं मावतं त्याच्या किती भरलंय, एवढंच. बादली काठोकाठ भरली की शंभर टक्के. बादलीच्या तळाशी कुणी चार विटा टाकून ठेवल्यात, हे त्या आकड्याला कळत नाही. विटा किती आहेत ते बघायचं असेल तर विंडोजमध्ये सर्चला जाऊन सीएमडी उघडा. त्या काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी' लिहा (पॉवरचं पूर्ण स्पेलिंग, त्याला चिकटून सी, एफ, जी), एक स्पेस द्या, मग पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' हा एकच अखंड शब्द. एंटर मारलं की एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवलीय ते तिथेच लिहून येतं. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडा. त्यात तीन ओळी महत्त्वाच्या: डिझाइन कपॅसिटी, फुल चार्ज कपॅसिटी आणि सायकल काउंट. पहिली ओळ कारखान्यातून निघताना किती मावेल म्हणून ठरलं होतं ती, दुसरी आज किती मावतं ती. दुसऱ्याला पहिल्याने भागा, तुमचा निकाल हातात. (सायकल काउंट काही लॅपटॉप सांगतच नाहीत, तिथे नुसती रेघ येते.) मॅकवाल्यांना हे सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये पॉवर या नावाखाली सापडेल. लिनक्सवाल्यांना मी काही सांगायची गरज नाही, ते उलट मलाच सांगतील.

आमच्या विंगमध्ये या रिपोर्टची साथच आली होती. त्यातल्या दोन लॅपटॉपची जोडी सांगण्यासारखी आहे. दोन्ही एकाच मॉडेलचे, फर्स्ट इयरला एकाच आठवड्यात एकाच दुकानातून घेतलेले. एक समोरच्या खोलीतल्या मेकॅनिकलवाल्याचा, दुसरा माझ्या रूम पार्टनरचा. दोघांचीही डिझाइन कपॅसिटी ४१,०४० मिलीवॉट-तास. तीन वर्षांनी मेकॅनिकलवाल्याचा आकडा २५,८५०, म्हणजे ६३ टक्के. रूम पार्टनरचा ३३,२४०, म्हणजे ८१ टक्के. आता सायकल काउंट बघा. मेकॅनिकलवाल्याचा ८७, रूम पार्टनरचा ४१२!

म्हणजे ज्याने बॅटरी जवळजवळ पाचपट वापरली, त्याची चांगली राहिली; आणि ज्याने जपून ठेवली, तिचा तिसऱ्या भागाहून जास्त भाग गेला. मेकॅनिकलवाला म्हणाला, "माझा पीस डिफेक्टिव्ह असणार." असेलही. दोन लॅपटॉपवरून नियम सिद्ध होत नाही, एवढं स्टॅटिस्टिक्स आम्हीही शिकलोय. पण पीसवर खापर फोडण्याआधी आत काय चालतं ते बघू, म्हणजे हा निकाल उलटा नाही, सरळच आहे हे कळेल.

लिथियम-आयन सेल म्हणजे दोन एसटी स्टँड आणि त्यांच्यामध्ये जा-ये करणारे प्रवासी, असं समजा. एका बाजूला तांब्याच्या पातळ पत्र्यावर लावलेलं ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियम आणि कोबाल्ट, निकेल यांसारख्या धातूंचं ऑक्साइड, मध्ये सच्छिद्र पडदा, आणि सगळं एका ज्वलनशील सेंद्रिय द्रवात भिजलेलं. या द्रवाला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. चार्जिंग करताना लिथियमचे आयन ऑक्साइड सोडून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, दर सहा कार्बनमागे एक. वापरताना ते परत फिरतात. इलेक्ट्रॉन मात्र आतल्या रस्त्याने जाऊ शकत नाहीत. त्यांना बाहेरून, तुमच्या मदरबोर्डमधून जावं लागतं, आणि जाता जाता ते तुमचं काम करतात. १९७०च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी या ये-जा करणाऱ्या लिथियमची कल्पना प्रत्यक्षात आणली, १९८०मध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइड दिलं, १९८५मध्ये अकिरा योशिनो यांनी दुसऱ्या बाजूला धातूऐवजी कार्बन वापरून सेल सुरक्षित केला, आणि १९९१मध्ये सोनीने तो बाजारात आणला. तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते २०१९मध्ये. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. चार सेमिस्टरमध्ये खचून जाणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आता मुख्य गोष्ट. या सेलमधले प्रवासी कारखान्यातच मोजून भरलेले असतात. नंतर एकही नवा येत नाही. तेव्हा क्षमता कमी होणं म्हणजे बहुतांशी एवढंच, की काही प्रवासी वाटेत कुठेतरी कायमचे अडकून पडले. ते कुठे अडकतात?

दूध तापवून ठेवलं की वर साय धरते, तशी साय ग्रॅफाइटवरही धरते. चार्ज झालेलं ग्रॅफाइट इतकं क्रियाशील असतं, की त्याला चिकटलेला इलेक्ट्रोलाइट तिथेच विघटित होतो आणि लिथियमला बरोबर घेऊन एक पातळ थर बनतो. १९७९मध्ये इमॅन्युएल पेलेड यांनी याला जे नाव दिलं, त्याची आद्याक्षरं एसईआय. हा थर शत्रू नाही, उलट तो नसता तर बॅटरीच चालली नसती. सायीखालचं दूध जसं झाकलेलं राहतं, तसा हा थर उरलेल्या इलेक्ट्रोलाइटला ग्रॅफाइटपासून वाचवतो आणि लिथियमच्या आयनांना मात्र आरपार जाऊ देतो. पण तो पूर्ण घट्ट नसतो. हळूहळू जाड होत राहतो. वर लिथियम आत शिरताना ग्रॅफाइट साधारण दहा टक्क्यांनी फुगतं आणि बाहेर पडताना आकसतं. या उघडझापीत साय तडकते, उघड्या पडलेल्या जागी नवी धरते. आणि प्रत्येक नव्या सायीला थोडं लिथियम लागतं. काढलेल्या सायीचं तूप तरी होतं. हे लिथियम मात्र कुणाच्याच कामाचं राहत नाही.

हे किती थोडं, ते कॅल्क्युलेटरवर करून बघण्यासारखं आहे. समजा प्रत्येक फेरीत ९९.९ टक्के लिथियम सुखरूप परत येतं. परीक्षेत ९९.९ मिळाले तर पेढे वाटू. पण ०.९९९चा पाचशेवा घात काढा: ०.६१. म्हणजे पाचशे फेऱ्यांत ३९ टक्के क्षमता गेली! ९९.९५ टक्के धरलं तर उरतात ७८, आणि ९९.९९ धरलं तर ९५. बॅटरीचा सगळा धंदा या दशांश चिन्हानंतरच्या नऊंवर चालतो. इलेक्ट्रोलाइटमध्ये चिमूटभर काहीतरी मिसळून एखादा नऊ वाढवता येतो का, यावर प्रयोगशाळा वर्षानुवर्षं डोकं घालतात. (आणि फेरी म्हणजे प्लग लावला-काढला असं नाही. आज अर्धी वापरून भरली, उद्या पुन्हा अर्धी वापरली, की दोन्ही मिळून एक सायकल.)

पण हे झालं वापराचं. मेकॅनिकलवाल्याने तर वापरलीच नव्हती, मग त्याचं लिथियम कुठे गेलं?

इथेच आपल्या सगळ्यांचा घोटाळा होतो. आपण बॅटरीला टायरसारखं समजतो: जेवढी पळेल तेवढी झिजेल, उभी गाडी झिजत नाही. बॅटरी टायरपेक्षा औषधाच्या बाटलीच्या जवळची आहे. बाटली उघडा नाहीतर उघडू नका, वरची तारीख जवळ येतच असते. साय धरायला फेरी मारावी लागत नाही, नुसतं पडून राहिलं तरी ती धरते. आणि ती किती वेगाने धरते हे दोन गोष्टींवर ठरतं: बॅटरी किती भरलेली आहे आणि किती गरम आहे.

भरलेलीचं कारण सोपं आहे. पूर्ण चार्ज म्हणजे नेहमीच्या सेलला ४.२ व्होल्ट, आणि आताच्या अनेक लॅपटॉपच्या सेलला त्याहूनही थोडे जास्त. या अवस्थेत एका टोकाला ग्रॅफाइट लिथियमने गच्च भरलेलं, दुसऱ्या टोकाला ऑक्साइड लिथियमविना रिकामं झालेलं आणि इलेक्ट्रॉन ओढायला टपलेलं. दोन्ही बाजूंनी इलेक्ट्रोलाइटवर हल्ला चालू असतो. धनुष्य जसं काम नसताना दोरी चढवून ठेवत नाहीत, तसंच हे आहे. उष्णतेचं कारण तर बारावीतच झालंय: तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट. नको असलेल्या क्रियाही त्याला अपवाद नाहीत.

लिथियम-आयन सेल नुसते साठवून ठेवले तर वर्षभराने किती क्षमता उरते, याचा एक तक्ता बरीच वर्षं ठिकठिकाणी दिला जातो. २५ अंशांवर ४० टक्के भरून ठेवले तर ९६ टक्के उरते, तेच शंभर टक्के भरून ठेवले तर ८०. ४० अंशांवर ४० टक्के भरलेले ८५वर येतात, आणि ४० अंशांवर पूर्ण भरलेले ६५वर. आकडे ढोबळच समजा, आताचे चांगले सेल याहून बरे निघतात. पण चौघांचा क्रम लक्षात ठेवा.

आता मेकॅनिकलवाल्याची खोली डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वरचा मजला, वर थेट स्लॅब. आमचं कॉलेज विदर्भात. एप्रिलमध्ये बाहेर ४३-४४ अंश असतात आणि रात्री बारा वाजताही भिंतीला हात लावला तर गरम लागते. कूलर आहे, पण त्यात पाणी कुणी भरायचं यावर खोलीत एकमत नाही. लॅपटॉप गादीवर, खालची जाळी चादरीने बंद, त्यावर आधी क्रिओ आणि मग क्रिओच्या नावाखाली गेम. पिन चोवीस तास खुपसलेली. म्हणजे तीन वर्षं ती बॅटरी शंभर टक्के भरलेली आणि कायम भाजत असलेली. तक्त्यातला शेवटचा आकडा बघा, मग ६३ टक्के ही वाईट नाही तर चांगली कामगिरी वाटायला लागते.

माझा रूम पार्टनर काही बॅटरीतज्ज्ञ नव्हे. त्याला फक्त खोलीत अभ्यास होत नाही. तो लॅपटॉप घेऊन लायब्ररीत जातो, तिथे टेबल आहे, पंखा आहे आणि प्लग पॉइंटवर आधीच कुणीतरी बसलेलं असतं. त्यामुळे तो बॅटरीवर काम करतो, तीस-पस्तीस टक्के राहिली की परत येतो, जेवणाच्या वेळेत चार्ज करतो आणि काढून ठेवतो. बॅटरी बहुतेक वेळ अर्धवट भरलेली आणि थंड. ४१२ फेऱ्या झाल्या, त्यांची झीज झालीच. पण कॅलेंडरने जे खाल्लं असतं ते वाचलं.

म्हणजे "रात्रभर लावली की ओव्हरचार्ज होते" हा सल्ला चुकीचा आणि "प्लग लावून ठेवा" हाही चुकीचा? पहिल्यातला शब्द चुकीचा आहे. ओव्हरचार्ज होत नाही. सेल ठरलेल्या व्होल्टेजला आला, प्रवाह घटत घटत अगदी थोडा उरला, की चार्जिंगची चिप पुरवठा तोडते. त्यानंतर लॅपटॉप थेट अडॅप्टरवर चालतो आणि बॅटरी नुसती बसून राहते. प्रश्न बॅटरीत जास्तीचं काही शिरण्याचा नाही, भरलेल्या अवस्थेत बसून राहण्याचा आहे. आणि "पूर्ण उतरवून चार्ज करा" हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. त्या बॅटऱ्यांना मेमरीचा त्रास होता. त्या गेल्या, सल्ला राहिला. सीनियरकडून ज्युनियरकडे जर्नलं जातात तसा तो फिरतोय. लिथियमला पूर्ण उतरणं उलट सोसत नाही.

जुन्या लॅपटॉपवर काम केलेले स्टाफमधले सर-मॅडम इथे म्हणतील, "आम्ही तर घरी असताना बॅटरी काढूनच ठेवायचो." बरोबर होतं ते! २०००च्या दशकातल्या लॅपटॉपला खाली दोन खटके असायचे, ते सरकवले की बॅटरी हातात. आताच्या लॅपटॉपमध्ये चपटे पाउच सेल आत स्क्रूने बसवलेले असतात. काढून ठेवण्याची सोय गेली, पण तिच्या बदल्यात एक वेगळी सोय आली आणि ती निम्म्या लोकांना माहीतच नाही. ती म्हणजे चार्जिंगची मर्यादा. लेनोवोमध्ये कन्झर्व्हेशन मोड, आसुसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग, काहींमध्ये ती बायोसमध्ये दडलेली असते. ती चालू केली की बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास (काही मॉडेलमध्ये ६०लाच) थांबते, मग पिन आठवडाभर लावून ठेवा. सेलचं व्होल्टेज ४.२ऐवजी ४.१ला थांबवलं तर फेऱ्यांचं आयुष्य दुपटीच्या घरात जाऊ शकतं, असा या क्षेत्रातला ढोबळ नियम आहे. टेबलावर अडॅप्टर लावूनच काम करणाऱ्यांनी, विशेषतः स्टाफरूममधल्या लॅपटॉपधारकांनी, हा लेख बाजूला ठेवून आधी हे करावं. फील्ड व्हिजिट किंवा दिवसभराची परीक्षा असेल तेव्हा आदल्या रात्री मर्यादा काढून पूर्ण भरा. एक दिवस शंभर टक्के राहिल्याने काही बिघडत नाही.

एवढं मात्र सांगतो, की वीस ते ऐंशीच्या मध्येच राहायचं म्हणून दर पंधरा मिनिटांनी टक्केवारी बघत बसणारेही मी पाहिलेत. त्यांची बॅटरी टिकते, पण अभ्यास उतरतो.

आता मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. "पंचवीस टक्के दाखवत होता आणि एकदम बंद पडला, का?" इथे क्षमतेबरोबर दुसरी एक गोष्ट बिघडलेली असते, ती म्हणजे आतला रोध. साय जाड झाली, की आयनांना तिच्यातून जाणं कठीण होतं. समजा तीन सेल सिरीजमध्ये आहेत आणि पंचवीस टक्क्यांना काहीच लोड नसताना त्यांची बेरीज १०.८ व्होल्ट आहे. बॅटरी नवी असताना आतला रोध ०.१ ओहम होता, आता ०.३ झालाय. नुसतं टाइप करत असाल तर एखादा अँपिअर जातो, घट ०.३ व्होल्ट, काही कळत नाही. तुम्ही सिम्युलेशन रन केलं, ग्राफिक्स कार्ड जागं झालं, प्रवाह सहा अँपिअर झाला. घट १.८ व्होल्ट. उरले ९.०, म्हणजे सेलमागे ३, आणि तिथे संरक्षणाचं सर्किट पुरवठा तोडतं. सेव्ह करायला वेळ मिळत नाही. बॅटरीत चार्ज होता, हे खरंच आहे. पण तो एवढ्या वेगाने देण्याची ताकद राहिली नव्हती. तेव्हा जुन्या बॅटरीवर भरवसा ठेवायचाच झाला तर लाइट गेल्यावर ब्राइटनेस कमी करा, जड प्रोग्रॅम बंद करा, आणि आधी कंट्रोल-एस.

कधी कधी चूक नुसती मोजण्यातली असते. बॅटरीतली चिप आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याची बेरीज-वजाबाकी ठेवते आणि महिनोन्‌महिने अर्धवट वापरात तिचा हिशोब भरकटतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा पूर्ण भरून दहा टक्क्यांपर्यंत उतरवली आणि पुन्हा सलग भरली, की हिशोब जुळतो. याने आकडा खरा होतो, क्षमता वाढत नाही. "कॅलिब्रेशन करून बॅटरी नवी करतो" असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

आता गंभीर भाग. दोन महिन्यांपूर्वी मेकॅनिकलवाला सांगत आला, की टचपॅड दाबला जात नाही, दुकानात दाखवतो. लॅपटॉप टेबलावर ठेवला तर एका कोपऱ्यावर डुगडुगत होता. खालचं झाकण काढलं तर बॅटरीच्या तीनपैकी एक पाउच पोळी फुगावी तसा टम्म फुगलेला. टचपॅड ठीक होता, त्याला खालून बॅटरी ढकलत होती. इलेक्ट्रोलाइट विघटित होताना वायूही तयार होतात, आणि बंद पाकिटात त्यांना जायला जागा नसते. हे सगळं गादीवर, चादरीच्या घडीत, खोलीत दोघं झोपलेले असताना चालू होतं. फुगलेली प्रत्येक बॅटरी पेट घेते असं नाही. पण आतला पडदा ताणलेला असतो, तो फाटून दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या की शॉर्ट सर्किट, त्याने उष्णता, त्या उष्णतेने आणखी क्रिया. आणि खूप तापलं की ऑक्साइड स्वतःच ऑक्सिजन सोडायला लागतं. मग ते थांबवणं कुणाच्या हातात राहत नाही.

म्हणून टचपॅड कडक झाला, झाकण नीट मिटेना, किंवा टेबलावर डुगडुग झाली, तर त्या क्षणी चार्जिंग काढा, लॅपटॉप बंद करा. फुगलेला भाग दाबू नका. सुईने हवा काढू नका. आमच्या विंगमध्ये हा प्रस्ताव एका हुशार माणसाने खरोखर मांडला होता. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. लॅपटॉप गादी-कपड्यांपासून दूर, फरशीवर ठेवा आणि रेक्टर सरांना सांगा, सरळ सर्व्हिस सेंटरला न्या. धूर दिसला तर खोलीबाहेर पळा, मेन बंद करा, इतरांना उठवा. तो धूर विषारी असतो, हार्ड डिस्कमधल्या प्रोजेक्टसाठी आत जाऊ नका. निघालेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, टोकांवर चिकटपट्टी लावून सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्स, २०२२नुसार जुन्या बॅटऱ्यांची विल्हेवाट ही त्या बाजारात आणणाऱ्या कंपन्यांची जबाबदारी आहे, त्यामुळे परत देताना संकोच करायचं कारण नाही.

नवी घेताना स्वस्तातली 'कम्पॅटिबल' बॅटरी समोर येईलच. त्यातल्या काही ठीक असतात, काहींवर आकडा एक आणि आत माल दुसरा. बसवल्याबरोबर दुकानातच रिपोर्ट काढून दोन्ही कपॅसिटी बघा. आणि उत्पादनाची तारीख बघा. वर आपण पाहिलंच, की खोक्यात पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होते. तीन वर्षं गोडाऊनमध्ये काढलेली 'ब्रँड न्यू ओरिजिनल' बॅटरी नवी नसते. कंपनीच्या वॉरंटीत बॅटरीची मुदत बऱ्याचदा लॅपटॉपपेक्षा कमी असते, तीही आत्ताच वाचून ठेवा.

एक शेवटचं, सुट्टी तोंडावर आलीय म्हणून. इंटर्नशिपला किंवा गावी जाताना दुसरा लॅपटॉप, टॅब, जुना मोबाइल, पॉवर बँक असं काहीबाही आपण लोखंडी कपाटात कुलूप लावून जातो. विदर्भातल्या मे महिन्यात, बंद खोलीत, वरच्या मजल्यावर. शंभर टक्के भरून ठेवलं तर वर सांगितलेला तक्त्यातला शेवटचा आकडा. शून्यावर ठेवलं तर दुसरीच आफत: पडल्या पडल्या बॅटरी आणखी उतरते, व्होल्टेज फार खाली गेलं की तांब्याचा पत्राच विरघळायला लागतो, आणि परत आल्यावर संरक्षणाचं सर्किट तिला चार्जच होऊ देत नाही. पन्नास टक्क्यांच्या आसपास आणा, स्लीप नव्हे तर शटडाउन करा, आणि शक्य असेल तर खालच्या मजल्यावरच्या मित्राच्या कपाटात ठेवा. आमच्या विंगचं सामान यंदा तळमजल्यावरच्या सिव्हिलवाल्यांकडे जाणार आहे, त्यांना दोन कलिंगडं कबूल केली आहेत.